नवरा ३५४, बायको ४६३

चाकणच्या कारखान्यातला छत्तीस वर्षांचा एक मेकॅनिकल इंजिनिअर घ्या. बी.ई., दहा-बारा वर्षांचा अनुभव, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, लेखन आणि संभाषणात ७ बँड, ऐकण्यात साडेसात. त्याची बायको तीस वर्षांची, एम.टेक., हिंजवडीत पाच वर्षं नोकरी. तिलाही वाचन, लेखन, संभाषणात ७, पण ऐकण्यात ८. जोडपं काल्पनिक आहे. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत अशी दोन-चार तरी सापडतील. दोघांनी ठरवलं, कॅनडाला जायचं. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळवायचा.

कॅनडा सरकारचा गुणांचा एक तक्ता आहे, एकूण १२०० गुणांचा, कोणालाही वाचता येईल असा उघड्यावर ठेवलेला. त्यात नवऱ्याला मुख्य अर्जदार धरून बेरीज केली तर येतात ३५४. बायकोला मुख्य अर्जदार धरली तर ४६३.

घर तेच, पदव्या त्याच, बँकेतले पैसे तेच. अर्जावर पहिलं नाव कोणाचं, एवढ्यावरून १०९ गुण इकडचे तिकडे! आपल्याकडे अर्ज म्हटला की पहिल्या ओळीत घरातल्या पुरुषाचं नाव सवयीनेच पडतं, आणि ही सवय अनेक घरांना महागात पडते.

हे १०९ गुण गेले कुठे, ते शोधण्यात खरी गंमत आहे. काही वयात गेले. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला २० ते २९ या वयात पुरे १०० गुण मिळतात. तिसाव्या वर्षी ९५, मग दर वाढदिवसाला ५ कमी, चाळिशीनंतर दर वर्षाला १० कमी आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. म्हणून तिला ९५, त्याला ६५. काही गुण पदवीत गेले: तिचे १२६, त्याचे ११२. थोडे इंग्रजीत गेले. पण सगळ्यात चमत्कारिक गळती आहे ती ऐकण्याच्या त्या अर्ध्या बँडची.

ऐकण्याच्या परीक्षेत ४० प्रश्न असतात. साधारण ३५ बरोबर आले की ८ बँड, ३२ ते ३४ आले की साडेसात. म्हणजे फरक एक-दोन उत्तरांचा. घराच्या पत्त्यातला आकडा ऐकताना लक्ष उडालं, एखाद्या शब्दाचं स्पेलिंग चुकलं, संपलं. या चुकीचे भाषेच्या रकान्यात फक्त ७ गुण कापले जातात. पण तक्ता पुढे ‘पदवी आणि भाषा’ यांचा एकत्र हिशेब करतो, तिथे १२ जातात. मग ‘अनुभव आणि भाषा’ यांचा, तिथे २५. एकूण ४४. कारण या दोन्ही ठिकाणी चारही कौशल्यांतलं सगळ्यात कच्चं कौशल्य धरलं जातं. बारा वर्षं यंत्रांशी झटलेल्या माणसाच्या अनुभवाची किंमत त्याने एका रेकॉर्डिंगमध्ये काय ऐकलं यावरून निम्मी होते. याला अन्याय म्हणायचं की काटेकोरपणा? मी काटेकोरपणाच म्हणेन, कारण हा तक्ता आला कुठून ते पाहिलं की जुन्या अन्यायापुढे हा फारच सुसह्य वाटतो.

१९०८ साली कॅनडाने एक नियम केला: जो माणूस आपल्या देशातून थेट, कुठेही न थांबता, एकाच तिकिटावर येईल त्यालाच प्रवेश. नियमात हिंदुस्थानचं नाव कुठेच नव्हतं. पण हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जाणारी बोट त्या काळी मिळतच नव्हती. २३ मे १९१४ रोजी गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेली कोमागाता मारू ही जपानी बोट ३७६ प्रवाशांसह व्हँकुव्हरच्या बंदरात आली. बहुतेक सगळे पंजाबी, आणि ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. कॅनडाही त्याच साम्राज्याचा भाग. दोन महिने बोट बंदरात उभी राहिली. जेमतेम वीस-बावीस जणांना उतरू दिलं आणि २३ जुलैला बाकीच्यांना परत धाडलं. बोट कलकत्त्याजवळ बजबजला पोहोचली तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात काही प्रवासी मारले गेले. या वागणुकीबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ साली. आणि स्वतंत्र भारतातून वर्षाला किती जण घ्यायचे याचा १९५१ चा कोटा होता १५०!

ऑस्ट्रेलियाची युक्ती आणखी अजब होती. १९०१ च्या कायद्याने बंदरावरच्या अधिकाऱ्याला परवानगी दिली की येणाऱ्या माणसाला पन्नास शब्दांचं श्रुतलेखन घालावं, कुठल्याही युरोपीय भाषेत. भाषा कुठली ते अधिकारी ठरवणार. इंग्रजी येतंय म्हटल्यावर दुसरी एखादी घाला. १९०९ नंतर या परीक्षेत एकही माणूस उत्तीर्ण झाला नाही, तरी ती १९५८ पर्यंत चालू होती. १९३४ मध्ये एगॉन किश हा प्रागचा पत्रकार आला. त्याला अनेक भाषा येत होत्या आणि तो सरकारला नको होता. त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये श्रुतलेखन घातलं. तो अर्थातच नापास झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने निकाल दिला की त्या कायद्यापुरती स्कॉटिश गेलिक ही युरोपीय भाषाच नव्हे.

हे सगळं मागे टाकून कॅनडाने १ ऑक्टोबर १९६७ पासून गुणपद्धत आणली. स्थलांतर खात्याचे सचिव टॉम केंट यांचा तिच्यात मोठा वाटा होता. नऊ रकाने, १०० गुण, ५० ला पास. शिक्षणाला २०, वयाला १०, इंग्रजी-फ्रेंचला १०, कॅनडात नातेवाईक असतील तर ५, असं करत करत शंभर. वर्णाला रकाना नाही, धर्माला नाही, देशाला नाही. तरी पंधरा गुण मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात होतेच, माणूस जिद्दीचा आहे का, जुळवून घेईल का, हे बघून द्यायचे. पुढे तेही गेले. आज ४६३ पैकी एकही गुण कोणाच्या मर्जीचा नाही. एखाद्या देशाने आपल्या दारावरच्या पहारेकऱ्याच्या हातातून निर्णय काढून घ्यावा आणि तो एका तक्त्याला द्यावा, तोही सगळ्या जगाला वाचायला मिळेल अशा तक्त्याला, ही विसाव्या शतकातली फार मोठी कल्पना आहे असं मला वाटतं. यंत्रं आणि रॉकेटं यांच्या गर्दीत तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, इतकंच.

अमेरिकेच्या तक्त्यात देशाचा रकाना अजून आहे. तिथे १९९० च्या कायद्यानुसार नोकरीवर आधारलेली वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यात बायका-मुलंही धरलेली, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे त्यातली सात टक्केच. सात टक्के आइसलँडलाही, सात टक्के भारतालाही. म्हणून एच-वन-बीवर गेलेला आपला इंजिनिअर वर्षानुवर्षं रांगेत राहतो, आणि त्याच्यापेक्षा कमी शिकलेला त्याचा मित्र टोरंटोत नागरिक होऊन जातो.

कॅनडातही गुण जमले की दार उघडलं, असं मात्र नाही. पूर्वी होतं. पास झालेल्याला रांगेत उभं राहता यायचं, आणि रांग इतकी वाढली की कॅनडाने २०१२ मध्ये कायदाच करून फेब्रुवारी २००८ पूर्वीचे प्रलंबित अर्ज रद्द केले, फी परत केली. जवळपास २,८०,००० माणसं त्यात होती. कितीतरी जण कागदपत्रं देऊन वर्षानुवर्षं पोस्टमनची वाट पाहत होते.

त्यावर जो उपाय निघाला तो मुळात न्यूझीलंडचा, २००३ चा. २०१२ मध्ये तो ऑस्ट्रेलियाने उचलला आणि १ जानेवारी २०१५ पासून कॅनडाने ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या नावाने. आता रांग नाही, हौद आहे. आपली माहिती भरून सगळे हौदात उतरतात आणि सरकार अधूनमधून वरच्या थरातले काही जण उचलतं. त्याला ड्रॉ म्हणतात, पण चिठ्ठ्या टाकलेल्या नसतात. कटऑफ ठरतो आणि त्याच्या वरच्यांना बोलावणं जातं. कटऑफवर अनेकांचे गुण सारखे असतील तर ज्याने प्रोफाइल आधी भरलं तो पुढे, आणि तेही तारखेवर थांबत नाही. तास, मिनिट, सेकंदापर्यंत जातं.

कटऑफ किती नाचतो याचा नमुना म्हणजे १३ फेब्रुवारी २०२१. एरवी साडेचारशेच्या घरात असणारा आकडा त्या दिवशी ७५ वर आला. साडेसातशे नाही, पंचाहत्तर! एका दिवसात २७,३३२ जणांना बोलावणं गेलं. करोनामुळे सीमा बंद होत्या, बाहेरून कोणी येऊ शकत नव्हतं आणि वर्षाचं उद्दिष्ट तर पुरं करायचं होतं; म्हणून कॅनडात काम केलेल्या आणि बहुतेक तिथेच राहणाऱ्या, हौदात असलेल्या जवळजवळ सगळ्यांना उचललं. पुढे वारं फिरलं. घरं महाग झाली, लोक कुरकुरू लागले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने २०२५ चं उद्दिष्ट पाच लाखांवरून ३,९५,००० वर आणलं. २०२४ च्या सर्वसाधारण ड्रॉंमध्ये कटऑफ सव्वापाचशेच्या आसपास आणि वर होता. म्हणजे आपल्या चाकण-हिंजवडी जोडप्याचे ४६३ देखील कमीच.

पण हे जोडपं हुशार असेल तर पुण्यात फ्रेंचच्या वर्गाला जाईल. बायकोने फ्रेंचमध्ये ठरावीक पातळी चारही कौशल्यांत गाठली तर दुसऱ्या भाषेचे १२ आणि वर जादा ५०, एकूण ६२. ४६३ चे ५२५ होतात. शिवाय २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळे ड्रॉ निघतात आणि त्यांचा कटऑफ बराच खाली असतो. २९ फेब्रुवारी २०२४ ला तो ३३६ होता. ३३६! गंमत अशी, की त्या ड्रॉमध्ये फ्रेंच शिकलेला आपला चाकणचा नवरा स्वतःच्या नावावरही निघाला असता.

भाषेचा याहून मोठा चमत्कार ऑस्ट्रेलियाच्या तक्त्यात आहे. ज्या देशाने अर्धशतकाहून जास्त काळ श्रुतलेखन घालून माणसं परत पाठवली, तोच आज मराठी येण्याचे ५ गुण देतो. नाटी या संस्थेची सीसीएल नावाची परीक्षा आहे. दोन संवाद ऐकवतात, प्रत्येकी सुमारे तीनशे शब्दांचे. एक माणूस इंग्रजीत बोलतो, दुसरा मराठीत. डॉक्टर आणि पेशंट, बँकवाला आणि कर्जदार, शाळा आणि पालक. पस्तीस शब्दांपर्यंतचा एकेक तुकडा ऐकायचा आणि लगेच दुसऱ्या भाषेत सांगायचा. ९० पैकी ६३ हवेत, आणि प्रत्येक संवादात किमान २९.

ऐकायला सोपं वाटतं. पेशंट म्हणतो, “दोन दिवस पोटात मुरडा येतोय, अन्नावर वासना नाही आणि उभं राहिलं की चक्कर येते.” याचं इंग्रजी आपली मुलं सहज करतात. अडतात ती उलट्या दिशेने. बँकवाली बाई इंग्रजीत तारण, जामीन, थकबाकी, मुदतपूर्व परतफेड यांच्याबद्दल बोलते आणि इंग्रजी माध्यमात शिकलेल्या, पुण्यात वाढलेल्या मुलाला एकही मराठी शब्द आठवत नाही. आईला फोन लावायची परवानगी नसते. ऑस्ट्रेलियात किमान ६५ गुण लागतात आणि प्रत्यक्ष बोलावण्यासाठी बरेच जास्त. तिथे हे पाच गुण फार महत्त्वाचे ठरतात.

याच तक्त्यात अविवाहिताला १० गुण आहेत. जोडीदार कुशल असेल तरी १०. जोडीदाराला फक्त कामापुरतं इंग्रजी येत असेल तर ५. काहीच नसेल तर शून्य. म्हणजे लग्नाचीही किंमत आहे. हे पाहून काही जण आधी अर्ज मग लग्न असा क्रम लावतात, आणि त्यांना हसू नये. पंचांगापेक्षा हा तक्ता बराच स्पष्ट बोलतो.

तुम्ही जे काम करता ते तक्त्याला कळलं पाहिजे, हाही एक वेगळाच खेळ आहे. कॅनडाने देशातली सगळी कामं ५१६ गटांत मांडली आहेत, प्रत्येकाला पाच आकडी क्रमांक. सॉफ्टवेअर इंजिनिअर २१२३१, प्लंबर ७२३००, स्वयंपाकी ६३२००, वाढपी ६५२००. यातला दुसरा आकडा पाहायचा. तो ० ते ३ असेल तर तुम्ही एक्स्प्रेस एन्ट्रीच्या हिशेबात कुशल. ४ किंवा ५ असेल तर नाही. त्यामुळे एकाच हॉटेलातला स्वयंपाकी हौदात उतरू शकतो आणि त्याने केलेली भाजी टेबलावर नेणारा उतरू शकत नाही.

क्रमांकावर तुमचा हक्क आहे हे सिद्ध करतं ते कंपनीचं पत्र. आपल्याकडचा एचआर विभाग दोन ओळींचं पत्र देतो: अमुक अमुक आमच्याकडे तमुक पदावर कार्यरत होते, त्यांचे वर्तन चांगले होते. त्यांच्या वर्तनाशी कॅनडाला कर्तव्य नाही. तिथे हवं असतं रोज काय काम केलं, आठवड्याला किती तास, पगार किती. ऑस्ट्रेलियाची इंजिनिअर्सची संस्था त्याही पुढे जाते. ती आपल्या कामाचे तीन प्रसंग निबंधासारखे लिहून मागते आणि अट घालते की सगळं ‘मी’ने लिहायचं. मी आराखडा काढला, मी भार मोजला, मी दोष शोधला. ‘आमच्या टीमने केलं’ चालत नाही. ‘आम्ही’ म्हणण्यात विनय मानणाऱ्या आपल्या माणसाला हे तीन निबंध लिहिताना घाम फुटतो.

जर्मनीने हा खेळ लहान केला. १ जून २०२४ पासून तिथे ‘चान्सनकार्ट’ आहे, नोकरी शोधण्यासाठी एक वर्षाचा परवाना. तुमची पदवी तिथे पूर्ण मान्य असेल तर गुणांची गरजच नाही. नसेल तर सहा गुण हवेत. वय पस्तिशीच्या आत असेल तर २, जर्मन बी-वन असेल तर २, बी-टू असेल तर ३, जोडीदारही पात्र असून बरोबर येत असेल तर १. आपलं विद्यापीठ त्यांच्या ‘अनाबिन’ नावाच्या यादीत कुठल्या खुणेने नोंदलंय ते घरबसल्या पाहता येतं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करारही केला. खर्च कमी, पण भाषा टाळता येत नाही. आणि एका वर्षात नोकरी मिळवणं सगळं तुमच्यावर.

एवढं सगळं मोजणाऱ्या या तक्त्यांना आई-वडील मात्र दिसत नाहीत. कॅनडाच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि २२ वर्षांखालची अविवाहित मुलं. आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी सुपर व्हिसा आहे, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, आरोग्यविमा काढून. पण तो पाहुण्यांचाच व्हिसा. ऑस्ट्रेलियात पालकांचा साधा व्हिसा मागितला तर प्रतीक्षा तीस वर्षांच्या आसपास आहे. सत्तरीच्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगतात कोण जाणे. लवकर हवा असेल तर माणशी चाळीस हजार डॉलरच्या वर फी. आणि दोन्हींसाठी एक चाचणी: तुमच्या मुलांपैकी निदान निम्मी ऑस्ट्रेलियात स्थायिक हवीत, किंवा इतर कुठल्याही एका देशापेक्षा तिथे जास्त. एक मुलगा पुण्यात, एक मेलबर्नला, तर चालेल. एक मेलबर्नला आणि दोघं साताऱ्यात, तर नाही. मागे राहिलेल्या भावंडांचं राहणंच आई-बाबांच्या व्हिसाच्या आड येतं. जायचं ठरवणाऱ्या घरांत गुणांची चर्चा महिनोन् महिने चालते, आई-वडिलांची चर्चा मात्र विमानतळावर जायच्या आदल्या आठवड्यात होते. ती पहिल्या दिवशी व्हायला हवी.

आणि एजंटबद्दल. हे सगळे तक्ते सरकारी संकेतस्थळांवर फुकट आहेत आणि कॅनडाच्या हौदात प्रोफाइल टाकायला एक पैसाही लागत नाही. मदत हवीच असेल तर कॅनडासाठी तिथल्या परवानाधारक सल्लागारांची यादी उघडी आहे, ऑस्ट्रेलियासाठी तिथल्या नोंदणीकृत एजंटांची. नाव आणि क्रमांक त्यात नसेल तर पैसे देऊ नका, ऑफिस कितीही चकचकीत असो. ‘पीआरची गॅरंटी’ म्हणणाऱ्याकडून तर उठूनच या; अशी गॅरंटी खुद्द त्या देशांचे मंत्रीही देऊ शकत नाहीत. त्याआधी एका रविवारी दोघांनी कागद-पेन घेऊन बसा आणि दोन्ही बेरजा करा, एक नवऱ्याच्या नावाने, एक बायकोच्या.